मुद्रित टायटॅनियम आणि समुद्राचे पाणी : क्षरणरोधाचे विज्ञान व अर्थकारण

बंगळुरू शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हे नाव देशभर परिचित झाले ते तेथील तलावामुळे. २०१५ साली या तलावातील फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर आला. त्याच वर्षी आणि पुढे २०१७ व २०१८ मध्येही या तलावावर आगी लागल्या. त्या काळात याच तलावाच्या काठच्या वसाहतींतून एक वेगळी तक्रार पुढे आली. घरांतील वातानुकूलन यंत्रांची तांब्याची वेटोळी वारंवार निकामी होत होती आणि चांदीची भांडी काळी पडत होती. त्याचे कारण रसायनशास्त्रात सापडते. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ प्राणवायूवाचून कुजले की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. या वायूची तांब्याशी व चांदीशी अभिक्रिया होऊन त्यांचे काळे सल्फाइड बनते.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर असून सर्वांत जवळचा समुद्रकिनारा सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील रहिवाशांना धातूच्या क्षरणाची झळ बसली. क्षरण म्हणजे धातूची भोवतालच्या परिसराशी अभिक्रिया होऊन होणारी झीज होय. ती केवळ किनाऱ्याची समस्या नाही, हा बेळ्ळंदूरचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, धातूचे आयुष्य धातू व परिसर या दोहोंच्या संबंधावर अवलंबून असते. एखादा धातू 'गंजरोधक' आहे असे म्हणताना कोणत्या परिसरात, किती तापमानाला आणि कोणत्या पद्धतीने घडवलेला, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. यांपैकी तिसरा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा ठरला आहे. कारण धातूच्या वस्तू घडवण्याची पद्धतच बदलू लागली आहे आणि या बदलाचे भारतातील एक प्रमुख केंद्र बंगळुरू हेच आहे.

क्षरणाची किंमत

क्षरणामुळे होणारे नुकसान राष्ट्रीय हिशेबात वेगळे दिसत नाही. ते दुरुस्ती, रंगकाम, सुटे भाग, उत्पादनातील खंड आणि अपघात अशा अनेक शीर्षकांखाली विखुरलेले असते. 'नेस' या क्षरण अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगाचे वार्षिक नुकसान सुमारे २.५ लाख कोटी डॉलर, म्हणजे २०१३ मधील जागतिक स्थूल उत्पादनाच्या ३.४ टक्के इतके काढले होते. भारताच्या बाबतीत हे प्रमाण ४.२ टक्के होते. उपलब्ध ज्ञान व तंत्रे नीट वापरली, तर जागतिक नुकसानाचा १५ ते ३५ टक्के भाग वाचू शकतो, असाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. साध्या शब्दांत सांगायचे तर, नवे भांडवल उभारण्याइतकेच जुने भांडवल झिजू न देणे हेही विकासाचे काम आहे.

भारताला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. बंदरे, जहाजबांधणी, किनाऱ्यावरील वीजकेंद्रे, खाऱ्या पाण्याचे गोड्या पाण्यात रूपांतर करणारे प्रकल्प, समुद्रातील तेलविहिरी आणि नौदल या साऱ्यांचा खाऱ्या पाण्याशी रोजचा संबंध येतो. म्हणूनच या विषयावरील संशोधनाची परंपराही देशात जुनी आहे. तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आणि ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा ही त्यातील दोन महत्त्वाची नावे होत.

टायटॅनियम का टिकते?

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सोडियम क्लोराइडचे प्रमाण सर्वाधिक असते. पाण्यात विरघळलेले क्षार विद्युतवहन सुलभ करतात. क्षरण ही विद्युत-रासायनिक प्रक्रिया असल्याने ती खाऱ्या पाण्यात वेगाने घडते. लोखंडावर जमणारा गंज सच्छिद्र असतो. तो पापुद्र्यांनी सुटतो, खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि झीज चालूच राहते. कोकणातील घरांच्या खिडक्यांचे गज आणि छपरांचे पत्रे याची साक्ष देतात. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर असतो. परंतु क्लोराइडचे आयन हा थर ठिकठिकाणी भेदतात आणि धातूत बारीक पण खोल खळगे पडतात. वरून चकचकीत दिसणारी नळी आतून भोक पडून गळू लागते, ती यामुळेच.

टायटॅनियमची गोष्ट वेगळी आहे. हा धातू सोन्याप्रमाणे निष्क्रिय असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो अत्यंत क्रियाशील आहे आणि त्याच्या टिकाऊपणाचे रहस्य याच क्रियाशीलतेत दडले आहे. हवेचा किंवा पाण्याचा स्पर्श होताच टायटॅनियम प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्याच्या पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइडचे पटल तयार होते. हे पटल अवघे काही नॅनोमीटर जाडीचे, परंतु घट्ट, सलग आणि धातूला चिकटून राहणारे असते. ओरखडा पडून ते फाटले तरी पाण्याच्या सान्निध्यात क्षणार्धात नव्याने बनते. सामान्य तापमानाच्या समुद्रजलातील क्लोराइड त्याला भेदू शकत नाही. या गुणाला वजनाची जोड मिळते. टायटॅनियमच्या प्रचलित मिश्रधातूची घनता सुमारे ४.४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, तर पोलादाची ७.८ इतकी असते.

तथापि या धातूच्याही मर्यादा आहेत. पाणी सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, तर अरुंद फटींमध्ये टायटॅनियमचेही क्षरण होऊ शकते. पोलाद किंवा ॲल्युमिनियम यांच्याशी तो थेट जोडलेला असेल, तर तो स्वतः सुरक्षित राहतो, पण शेजारच्या धातूचे क्षरण वाढवतो. तांब्याप्रमाणे तो जलचरांना विषारी नसल्याने त्यावर शैवाल व शिंपले सहज वस्ती करतात. म्हणून समुद्रजल वाहून नेणाऱ्या टायटॅनियमच्या नळ्यांची स्वच्छता हा वेगळा खर्च ठरतो.

थरावर थर : नव्या पद्धतीचे स्वरूप

पारंपरिक पद्धतीत टायटॅनियमचा ठोकळा तापवून, ठोकून घडवला जातो आणि मग कातकाम करून नको असलेला भाग काढून टाकला जातो. यात महागड्या धातूचा मोठा हिस्सा कीस म्हणून वाया जातो. ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजेच बोलीभाषेतील थ्री-डी प्रिंटिंग किंवा त्रिमिती मुद्रण, याच्या नेमके उलट चालते. धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, संगणकातील आराखड्याप्रमाणे लेझरच्या झोताने हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुढचा थर पसरायचा आणि ही क्रिया शेकडो-हजारो वेळा करायची. एकेक थर साधारणतः ३० ते ६० मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाच्या जाडीहूनही कमी असतो.

या पद्धतीचा लाभ किती, हे इस्रोच्या एका प्रयोगावरून स्पष्ट होते. मे २०२४ मध्ये इस्रोने ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याच्या मुद्रित इंजिनाची ६६५ सेकंद यशस्वी चाचणी घेतली. त्याची निर्मिती बंगळुरूच्या विप्रो थ्री-डी या उद्योगाने केली होती. पूर्वी १४ सुटे भाग जोडून बनणारे हे इंजिन एकसंध घडले, १९ सांधे वगळले गेले आणि ५६५ किलोग्रॅम धातूऐवजी १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरली. उत्पादनाचा वेळही ६० टक्क्यांनी घटला. इस्रो, हिंदुस्तान एरोनॉटिक्स, गॅस टर्बाइन संशोधन संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था एकाच शहरात असल्याने समुद्र नसलेल्या बंगळुरूत या उद्योगाची मुळे रुजली. मात्र आकाशासाठी विकसित झालेले हे तंत्र आता समुद्राकडे वळत आहे आणि तेथे वेगळी परीक्षा द्यावी लागते.

मुद्रित धातू तसाच असतो काय?

समुद्रासाठी सर्वाधिक विचारात घेतल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत वजनाने सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असते. घडीव स्वरूपात त्याच्या अंतर्रचनेत दोन प्रावस्था नांदतात. त्यांना अल्फा व बीटा म्हणतात. अल्फामध्ये ॲल्युमिनियमचा, तर बीटामध्ये व्हॅनेडियमचा अंश अधिक असतो. लेझरने वितळलेला सूक्ष्म भाग मात्र निमिषार्धात थिजतो. तापलेले पोलाद पाण्यात बुडवून लोहार त्याला 'पाणी देतो' तेव्हा त्याची अंतर्रचना जशी बदलते, तसेच काहीसे येथे अधिक तीव्रतेने घडते. प्रावस्थांना वेगळे होण्यास सवड मिळत नाही. सुयांसारखी बारीक, ताणलेली 'मार्टेन्साइट' रचना निर्माण होते आणि बीटाचे प्रमाण घटते. रासायनिक घटक तेच, पण अंतर्रचना निराळी, असा हा धातू असतो.

याचा क्षरणरोधावर काय परिणाम होतो? २०१६ साली 'करोजन सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लेझरने मुद्रित केलेल्या या मिश्रधातूची ३.५ टक्के मिठाच्या द्रावणात चाचणी झाली. घडीव धातूच्या तुलनेत मुद्रित धातूचा क्षरणरोध काहीसा उणा आढळला आणि त्याचे कारण मार्टेन्साइटचे आधिक्य व बीटाची कमतरता असे दिले गेले. वस्तूच्या कोणत्या बाजूची चाचणी घेतली, यावरही उत्तर बदलते. थरांना समांतर असलेला पृष्ठभाग व थरांना छेदणारा पृष्ठभाग यांच्या वर्तनातील फरक तीव्र आम्लात ठळक, तर मिठाच्या पाण्यात अल्प असतो. इलेक्ट्रॉन झोताच्या पद्धतीत भुकटीचा थर आधीच कित्येक शे अंश तापवलेला असल्याने धातू सावकाश थंड होतो आणि अल्फा-बीटा रचना मिळते. अशा धातूच्या चाचण्यांत त्याचा क्षरणरोध घडीव धातूच्या बरोबरीचा किंवा सरसही आढळला आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा फरक 'टिकतो' आणि 'गंजतो' असा नाही. थंड समुद्रजलात दोन्ही प्रकारच्या धातूंवर संरक्षक पटल बनते आणि दोहोंची झीज अत्यल्प असते. फरक आहे तो पटलाच्या गुणवत्तेच्या प्रमाणात. मग चिंता कशाची? ती आहे मुद्रणातील दोषांची. भुकटी पूर्ण न वितळल्याने राहिलेल्या पोकळ्या, अडकलेला वायू आणि पृष्ठभागाला चिकटलेले अर्धवट कण यांमुळे मुद्रित वस्तू खडबडीत व आतून सच्छिद्र राहू शकते. अशा पोकळीतून क्षरणापेक्षा मोठा धोका उद्भवतो तो धातूच्या थकव्याचा. जहाजाचा पंखा, पंपाचे चक्र किंवा झडप यांवर लाखो वेळा ताण येतो व जातो. पोकळीच्या कडेला तडा सुरू होतो आणि त्यात खारे पाणी शिरले की काही परिस्थितीत तो अधिक वेगाने वाढतो. पटल पृष्ठभागाचे रक्षण करते. वाढत्या तड्याला आवर घालण्याची ताकद त्यात असेलच असे नाही.

यावर उपाय उपलब्ध आहेत. उष्णतोपचाराने अंतर्गत ताण दूर करता येतो. सुमारे ९२० अंश तापमान व वायूचा हजारपट वातावरणीय दाब यांखाली वस्तू ठेवण्याच्या 'उष्ण समदाब' प्रक्रियेने आतील पोकळ्या मिटवता येतात. कातकाम व पॉलिशने पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो. मात्र प्रत्येक उपचाराने अंतर्रचना पुन्हा बदलते. एका गुणासाठी केलेला उपचार दुसरा गुण कमी करू शकतो, हेही चाचण्यांत दिसले आहे. म्हणूनच 'मुद्रित टायटॅनियम' हे एका पदार्थाचे नाव नसून यंत्र, भुकटी, दिशा व उपचार यांच्या संयोगातून बनणाऱ्या अनेक पदार्थांचे सामायिक नाव आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

महाग काय आणि स्वस्त काय?

टायटॅनियम महाग आहे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याची तपासणी एका काल्पनिक उदाहरणाने करता येईल. समजा, समुद्रजलाच्या पंपाचा एक भाग साध्या मिश्रधातूत १ लाख रुपयांना मिळतो आणि दर पाच वर्षांनी बदलावा लागतो. टायटॅनियमचा तोच भाग ३ लाखांचा, पण २५ वर्षे टिकणारा आहे. नुसती बेरीज केली, तर साध्या भागावर एकूण ५ लाख खर्च होतात आणि टायटॅनियम स्वस्त भासते. परंतु पाच, दहा, पंधरा व वीस वर्षांनंतर करावयाचा खर्च आजच्या मूल्यात आणावा लागतो. ८ टक्के वटावदर धरल्यास चार बदल्यांचे वर्तमान मूल्य सुमारे १.६७ लाख आणि एकूण खर्च २.६७ लाख होतो. म्हणजे आता साधा भाग स्वस्त ठरला.

हिशेब येथे थांबत नाही. प्रत्येक बदलीच्या वेळी पंप बंद ठेवावा लागून ५० हजारांचे नुकसान होत असेल, तर साध्या भागाचा एकूण खर्च ३.५१ लाखांवर जातो आणि टायटॅनियम पुन्हा स्वस्त होते. या उदाहरणात बंद काळाचे नुकसान दर बदलीमागे सुमारे २० हजारांहून अधिक असेल, तरच टायटॅनियम परवडते. तात्पर्य, निर्णय धातूच्या किमतीवर नव्हे, तर व्याजदर, आयुर्मान आणि काम थांबण्याची किंमत या तीन गोष्टींवर ठरतो. सर्वांत कमी बोलीची निविदा स्वीकारण्याच्या प्रथेत केवळ पहिली किंमत पाहिली जाते. आयुष्यभराचा खर्च तीत दिसत नाही. मुद्रणाचा लाभ असा की, ते धातूची नासाडी घटवून पहिली किंमत खाली आणू शकते आणि मोजक्या संख्येने लागणारा सुटा भाग मागणीनुसार बनवून साठ्यात अडकणारे भांडवलही मोकळे करू शकते.

वाळूत दडलेली संपत्ती

टायटॅनियमचे प्रमुख खनिज इल्मेनाइट भारताच्या किनारी वाळूत मुबलक आहे. केरळातील चवरा, तमिळनाडूतील मणवाळकुरिची व ओडिशातील छत्रपूर येथे ते काढले जाते. महाराष्ट्रातही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत त्याचे साठे आहेत. परंतु जगात टायटॅनियम खनिजाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग धातूसाठी नव्हे, तर रंग, कागद व प्लास्टिकमधील पांढऱ्या रंगद्रव्यासाठी वापरला जातो. धातू मिळवण्याची क्रोल प्रक्रिया खर्चिक व संथ आहे. तीत आधी खनिजापासून टायटॅनियम टेट्राक्लोराइड बनवतात आणि मग मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातून सच्छिद्र 'स्पंज' धातू मिळवतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान व इस्रोचे अर्थसाहाय्य यांच्या बळावर चवरा येथे वार्षिक ५०० टन क्षमतेचा स्पंज प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला आणि भारत ही क्षमता असलेल्या मोजक्या देशांत गणला जाऊ लागला.

तथापि वाळू आणि मुद्रणयंत्र यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत. स्पंजपासून मिश्रधातू, मिश्रधातूपासून गोलाकार कणांची शुद्ध भुकटी आणि भुकटीपासून प्रमाणित वस्तू, अशा या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर मूल्य वाढते. आपण खालच्या पायरीवर थांबलो, तर कच्चा माल स्वस्तात देऊन तयार माल महागात घेण्याचा जुना क्रम चालू राहील. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने निश्चित केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत टायटॅनियमचा समावेश झाला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली. तत्पूर्वी फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगविषयक राष्ट्रीय धोरणात जागतिक बाजारपेठेतील ५ टक्के वाटा, १०० नवउद्योग व एक लाख कुशल मनुष्यबळ अशी उद्दिष्टे ठेवली होती. खनिज, धातू आणि मुद्रण या तीन धोरणांची साखळी जुळली, तरच किनाऱ्यावरील वाळूचे मोल देशाच्या पदरी पडेल. वाळू उपशामुळे किनाऱ्याची धूप आणि मच्छीमारांची उपजीविका हे प्रश्न उभे राहतात, त्यांची दखल घेणेही तितकेच अगत्याचे आहे.

विश्वासाचा प्रश्न

टायटॅनियमवर माणसाचा जीव किती अवलंबून असू शकतो, हे 'समुद्रयान' प्रकल्पावरून समजते. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल महासागर मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यात चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडून 'मत्स्य ६०००' या पाणबुडी वाहनाचा विकास केला जात आहे. तीन व्यक्तींना ६,००० मीटर खोलीवर नेण्यासाठी त्यात टायटॅनियम मिश्रधातूचा गोल योजला आहे. त्याची जाडी ८० मिलिमीटर व व्यास सुमारे २.१ मीटर आहे. त्या खोलीवर दाब पृष्ठभागावरील वातावरणाच्या सुमारे सहाशे पट असतो. हा गोल मुद्रित नसून घडीव भाग इलेक्ट्रॉन झोताने जोडून करण्याची पद्धत त्यासाठी अवलंबिण्यात आली. यामागील विवेक समजून घेण्याजोगा आहे. जेथे अपयशाला क्षमा नाही, तेथे दीर्घ अनुभवाने पारखलेली पद्धत वापरायची. नव्या पद्धतीला आधी चौकटी, झडपा, नळजोड, पंपांचे भाग अशा ठिकाणी अनुभव मिळवू द्यायचा.

हा विश्वास प्रमाणपत्राच्या रूपाने संस्थाबद्ध होतो. नेदरलँड्समध्ये २०१७ साली ब्राँझच्या मिश्रधातूतून मुद्रित केलेल्या जहाजाच्या पंख्याला वर्गीकरण संस्थेची मान्यता मिळाली, तेव्हाच नौकानयन उद्योगाने या तंत्राकडे गांभीर्याने पाहिले. भारतातही मुद्रित टायटॅनियमचे नमुने अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोन्हींत वर्षानुवर्षे ठेवून त्यांच्या नोंदी सर्वांना उपलब्ध होणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील मिठाचे द्रावण म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात जीवसृष्टी आहे, प्रवाह आहेत, गाळ आहे आणि बंदरांच्या खाड्यांत बेळ्ळंदूरसारखेच सांडपाणी व सल्फाइडही आहे. अशी माहिती एकट्या उद्योगाला परवडत नाही आणि एकदा निर्माण झाली की सर्वांच्या उपयोगी पडते. अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात व तिचा खर्च उचलणे हे शासनाचे रास्त कर्तव्य ठरते.

टायटॅनियमवरील काही नॅनोमीटरचे पटल फाटले तरी पुन्हा सांधले जाते, कारण त्याला लागणारा प्राणवायू भोवतीच्या पाण्यातच असतो. उद्योगाच्या बाबतीत असे आपोआप घडत नाही. तेथे चाचणी, प्रमाणीकरण आणि आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब करणारी खरेदी यांचे संरक्षक कवच जाणीवपूर्वक उभारावे लागते. बंगळुरूची यंत्रे, चवऱ्याचा स्पंज आणि अंबरनाथ-कराईकुडीच्या प्रयोगशाळा या कवचाचे घटक आज देशात उपलब्ध आहेत. त्यांना परस्परांशी जोडणे, हेच पुढील काळातील खरे काम होय.